बाल्कनीला कुलूप

गेल्या महिन्यातली एक शनिवारची दुपार. उपनगरातलं महापालिकेचं नाट्यगृह, चारचा प्रयोग. बुकिंगच्या खिडकीशी रांग म्हणावी अशी रांग नव्हती. माझ्या पुढे कॉलेजातली दोन मुलं, एवढंच. एकाच्या काखेत ड्रॉइंगच्या कागदांची नळी. दुसऱ्यानं खिडकीत वाकून विचारलं, "काका, सगळ्यात कमी कितीचं आहे?"

"तीनशे. शेवटच्या रांगा."

"आणि बाल्कनी?"

"बाल्कनी बंद आहे."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. नळीवाल्यानं मोबाइल काढून काहीतरी बघितलं, बहुधा खात्यात किती उरलेत ते. मग "ठीक आहे, काका" म्हणून दोघं पायऱ्या उतरून गेले. मी तिकीट काढून वळलो तेव्हा ते समोरच्या टपरीवर चहा घेत नाटकाच्या बोर्डाकडे बघत उभे होते.

आत पुढच्या नऊ-दहा रांगा भरलेल्या होत्या. बहुतेक डोकी माझ्यासारखीच पांढरी. त्यामागे तुरळक माणसं, एक जोडपं इथे, तीन बायका तिथे. वर बाल्कनीत मिट्ट काळोख. दीड-दोनशे खुर्च्या असतील. मध्यंतरात जिन्यापाशी गेलो तर दाराला साखळी आणि साखळीला कुलूप. खिडकीतल्या काकांना विचारलं, वरचं उघडत का नाही? ते म्हणाले, "उघडलं की वर एक माणूस ठेवावा लागतो. झाडलोट आली. खालचंच भरत नाही, तर वरचं कशाला उघडायचं?"

त्यांचा हिशेब त्या दुपारपुरता बिनचूक होता. पण खाली तीनशे खुर्च्या रिकाम्या, वर दोनशे खुर्च्यांना कुलूप आणि दारातून दोन प्रेक्षक परत गेलेले, हे तिन्ही एकाच वेळी कसं घडतं, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

मराठी नाटकाचं तिकीट महागलं आणि प्रेक्षक आटला, ही तक्रार आता जुनी झाली. तिच्यावर ठरलेल्या दोन प्रतिक्रिया येतात. एक पक्ष म्हणतो, चौघांनी नाटकाला जायचं तर दोन हजार नुसते तिकिटाचे. शिवाय ऑनलाइन बुकिंगचा आकार, जाण्यायेण्याची रिक्षा, मध्यंतरातला वडा. मध्यमवर्गानं करायचं काय? दुसरा पक्ष, बहुतेक नाटकवाल्यांचाच, उसळून म्हणतो की मराठी माणसाला मल्टिप्लेक्समधलं पॉपकॉर्न जड होत नाही, हॉटेलातलं बिल जड होत नाही, फक्त नाटकाचं तिकीट जड होतं. दोघांशी वाद घालण्यात मी बरीच वर्षं घालवली. आता माझं मत असं झालंय की पाचशेचं तिकीट हे दुखणं नव्हेच. पुढच्या रांगेचं तिकीट हजार रुपये असलं तरी माझी तक्रार नाही. दुखणं आहे ते स्वस्त तिकीट नाहीसं झाल्याचं. महाग खुर्ची आणि स्वस्त खुर्ची यांच्यात पूर्वी जे अंतर असायचं ते मिटत मिटत गेलं आणि त्या अंतरातच नाटकाचा पुढचा प्रेक्षक तयार होत होता.

महाग तिकीट आपल्याकडे काही कालपरवा आलेलं नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे त्या काळचे दोन मोठे गायक नट एकत्र उभे राहिले, टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं, तेव्हाचे दर त्या काळाच्या माणसाला चक्रावून टाकणारे होते. तरी लोकांनी उड्या टाकल्या. त्याही आधी, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं. तो आश्रय सुटल्यावर भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडले, मुंबईपर्यंत आले आणि तिकीट लावून खेळ करू लागले. म्हणजे आपल्या रंगभूमीनं राजाच्या जागी तिकिटाला बसवलं. आणि तिकिटाचा हा नवा राजा पुढच्या कोचावर बसणाऱ्या शेटजींइतकाच मागे दाटीनं बसणारा, शिट्ट्या मारणारा, 'वन्स मोअर'साठी घसा फोडणारा माणूसही होता. 'पिटातला', म्हणजे स्वस्त जागेवरचा, 'प्रेक्षक' हा शब्द आपण आजही वापरतो, बहुतेक वेळा नाक मुरडून. पण नाटक कंपन्यांची गाडी पिटानं ओढली, हे त्या काळच्या कोणत्याही आठवणीत वाचायला मिळतं.

मग दर वाढतात का? निर्माते लुटतात म्हणून नव्हे. याचं मूळ कारण १९६० च्या दशकात बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी सांगून ठेवलंय आणि ते कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. कारखान्यात यंत्र आलं की दहा माणसांचं काम दोघं करतात. वस्तू स्वस्त होते आणि उरलेल्या दोघांचा पगारही वाढतो. नाटकात तसं काही होत नाही. 'तो मी नव्हेच' १९६२ साली रंगमंचावर आलं तेव्हा प्रयोगाला जितकी माणसं आणि जितके तास लागत, तितकेच आजही लागतील. नाटकाचे अंक मिनिटांत उरकता येत नाहीत की निम्म्या माणसांवर प्रयोग भागत नाही. पण त्या माणसांना घरभाडं, शाळेची फी, भाजी सगळं आजच्या दरानं भरायचं असतं. बाकीच्या जगाची मजुरी वाढते तशी नाटकाची वाढवावीच लागते, मात्र उत्पादन तेवढंच राहतं. म्हणून नाटक इतर गोष्टींच्या मानानं महागच होत जाणार. हा कुणाचा दोष नाही.

यात आपल्या घरचा मसाला वेगळा. प्रयोगाच्या खर्चाची यादी कुठल्याही निर्मात्याला झोपेतून उठवून विचारा: थिएटरचं भाडं, वर्तमानपत्रातली जाहिरात, कलाकारांची नाइट (म्हणजे दर प्रयोगाचं मानधन), नेपथ्याचा टेम्पो, मंडळींची बस, लाइट-साउंड, मेकअप, कपडेपट, बॅकस्टेजची माणसं, चहा-नाश्ता. यातली कुठलीच गोष्ट तीनशे प्रेक्षक आले म्हणून कमी होत नाही आणि नऊशे आले म्हणून वाढत नाही. तेव्हा गल्ला वाढवण्याचे मार्ग दोनच, प्रयोग जास्त करा किंवा दर वाढवा. प्रयोग जास्त होत नाहीत, कारण कलाकार सोमवार ते शुक्रवार मालिकेच्या सेटवर अडकलेले. पूर्वी गुरुवारी रात्रीही नाटकं लागत. आता सगळा संसार शनिवार-रविवारच्या पाच-सहा प्रयोगांवर. तारखांसाठी मारामारी, आणि त्या दोन दिवसांत आठवड्याचं भागवायचं म्हणून दर वर.

हे सगळं नाटकवर्तुळात रोज बोललं जातं. जे फारसं बोललं जात नाही ते म्हणजे पाचशेची भिंत.

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हा नाटकाच्या तिकिटाला माणशी २५० रुपयांपर्यंत करमाफी होती. ओरड झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये ती मर्यादा ५०० केली गेली. त्यापुढच्या तिकिटाला १८ टक्के. पाचशेला एक रुपया वर गेला की कर त्या एका रुपयावर लागत नाही, सगळ्या रकमेवर लागतो. म्हणून तिकीट ५९० रुपयांना विकलं तर कर वजा जाऊन निर्मात्याच्या हातात बरोबर ५०० उरतात. प्रेक्षकाच्या खिशातून नव्वद रुपये जास्त गेले आणि नाटकाला त्यातला एक छदामही मिळाला नाही. तिकीट ६०० केलं तर हातात ५०८ आणि काही पैसे. (इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर आधीच भरलेल्या कराची वजावट, वगैरे तपशील हिशेबनीस सांगतील, ढोबळ चित्र बदलत नाही.) असं असताना शहाणा निर्माता पाचशेलाच थांबणार. बहुतेक थांबलेच. नाटकांच्या जाहिरातीत ५०० हा आकडा जो ठाण मांडून बसलाय तो याच भिंतीला टेकून.

करमाफी चांगल्या हेतूनं दिलेली, तिचे आभारच. पण छत २०१८ साली ठोकलं आणि खर्च तिथे थांबला नाही. डिझेल वाढलं, भाडी वाढली, मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि पुढची दीड-दोन वर्षं नाटकवाल्यांनी जे सोसलं त्याची भरपाई करायची होती. छत वर जात नाही म्हटल्यावर जमीनच वर सरकत गेली. पहिल्या दहा रांगांना असलेला पाचशेचा दर आता पंधरा रांगांना लागला. तीनशेच्या रांगा चारशेच्या झाल्या, दीडशेची बाल्कनी तीनशेची झाली आणि तीनशेला ती कुणी घेईना म्हणून बंद झाली. वरच्यांना संरक्षण देणाऱ्या मर्यादेनं खालच्यांना बाहेर ढकललं. हे कुणी ठरवून केलं नाही, आणि ठरवून केलेलं नसल्यामुळेच त्याची दाद मागायला कुणाकडे जावं ते कळत नाही.

एकदा कागद घेऊन मांडून पाहिलं. समजा आठशे खुर्च्यांचं नाट्यगृह. आजच्या पद्धतीनं ४०० खुर्च्या पाचशेच्या, २०० चारशेच्या, २०० तीनशेच्या. सगळं भरलं तर तीन लाख चाळीस हजार. आता दुसरी मांडणी: पुढच्या १०० खुर्च्या हजाराच्या, ३०० पाचशेच्या, २०० तीनशेच्या आणि शेवटच्या २०० फक्त शंभराच्या. बेरीज तीन लाख तीस हजार. फरक दहा हजारांचा. हजाराच्या शंभर तिकिटांवरचा कर मात्र पंधरा हजारांच्या वर जातो, म्हणजे मांडणी बिघडते ती तिथे. आणि हे झालं हाऊसफुल्लचं गणित. प्रत्यक्षात पहिल्या मांडणीतल्या शेवटच्या दोनशे खुर्च्या शनिवारीही रिकाम्या असतात, त्यांचे साठ हजार कागदावरच राहतात. दुसऱ्या मांडणीतल्या शंभराच्या निम्म्या जरी गेल्या तरी दहा हजार खरे येतात.

यावर नाट्यव्यवसायातले मित्र हसतात. म्हणतात, अरे, शंभराचं तिकीट ठेवलं तर पाचशेवालाही तेच घेईल. काही घेतील, मान्य. पण माझ्या वयाच्या, गुडघे दुखणाऱ्या, एक कान अधू झालेल्या माणसाला पाचव्या रांगेतून उठून बाल्कनीचे दोन जिने चढायला सांगून बघा. शंभर रुपये द्या म्हटलं तरी चढणार नाही. खुर्चीची किंमत खुर्चीतून काय दिसतं-ऐकू येतं यावर असते आणि ज्याला परवडतं तो जवळ बसण्याचे पैसे देतो. एरवी विमान कंपन्या, मल्टिप्लेक्स, अगदी एसटीसुद्धा हेच जाणते. मल्टिप्लेक्समध्ये सकाळच्या खेळाचा दर वेगळा, मंगळवारचा वेगळा, रविवार रात्रीचा वेगळा. २३ सप्टेंबर २०२२ ला देशभरातल्या मल्टिप्लेक्सनी एक दिवस ७५ रुपयांत तिकीट दिलं आणि ज्या पडद्यांसमोर आदल्या दिवशी शुकशुकाट होता तिथे जागा मिळेना. पॉपकॉर्नचा टोमणा मारणाऱ्या नाटकवाल्यांनी पॉपकॉर्नवाल्यांची ही बाजूही बघावी. नाटकाचा दर मात्र एकदा जाहिरातीत छापला की दगडावरची रेघ. प्रयोगाला अर्धा तास उरलाय, चारशे खुर्च्या रिकाम्या आहेत, खिडकीशी दोन पोरं उभी आहेत, तरी तीनशे म्हणजे तीनशे. तिसरी घंटा झाली की त्या खुर्चीची किंमत शून्य होते, तिच्याइतका नाशवंत माल भाजी मंडईतही नसेल. आणि भाजीवाली संध्याकाळी जुडीचा भाव पाडते.

स्वस्त खुर्ची नेमकं काय करते, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझे वडील पोस्टात कारकून होते. आम्ही परळला राहायचो. पगार झाला की त्या आठवड्यात आप्पा आम्हा दोघा भावांना घेऊन चालत दादरला जायचे, शिवाजी मंदिरला. कुठलं नाटक, हे त्यांनी कधी आधी ठरवलं नाही. ज्याचा प्लॅन उघडा, म्हणजे बुकिंग चालू असेल आणि बाल्कनी शिल्लक असेल ते नाटक. बाल्कनीचं तिकीट आणि मध्यंतरातला बटाटेवडा यांच्या किमतीत फारसं अंतर नसायचं, म्हणून दोन्ही व्हायचं. वरून नटांचे चेहरे कमी आणि टाळू जास्त दिसायचे. एका फार्समध्ये दाराआड उभा असलेला नट एंट्रीच्या आधी नाक साफ करतोय, हे फक्त आम्हा बाल्कनीवाल्यांना दिसलं होतं आणि त्या प्रवेशाला खालच्यांपेक्षा आम्ही जास्त हसलो. दहातली सहा नाटकं सुमार असायची. धाकटा तर दुसऱ्या अंकात हमखास झोपायचा. आप्पा परत येताना म्हणायचे, "आजचं फसलं. पुढच्या महिन्यात बघू."

या 'पुढच्या महिन्यात बघू'ला माझ्या लेखी फार मोल आहे. फसलेल्या नाटकाचं त्यांना वाईट वाटायचं, पण फसवल्यासारखं वाटायचं नाही, कारण गेलं ते थोडंच होतं. दहातलं एखादं असं निघायचं की आम्ही तिघं परळपर्यंत एक शब्द न बोलता चालत यायचो. त्या एकाची वाट बघायला नऊ नाटकं परवडायला लागतात.

पाचशे रुपये देणारा माणूस वाट बघत नाही, खात्री मागतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, "कोण आहे त्यात?" लेखक कोण, दिग्दर्शक कोण, हे नंतर, किंवा नाहीच. चेहरा ओळखीचा हवा. ओळखीचा चेहरा म्हणजे मालिकेतला. मालिकेतल्या कलाकाराला वेळ शनिवार-रविवारीच, त्याची नाइटही तशीच. मग प्रयोग कमी, खर्च जास्त, तिकीट आणखी वर आणि प्रेक्षक आणखी सावध. महागाईनं प्रेक्षकांची संख्या किती घटली यापेक्षा मला हे जास्त काळजीचं वाटतं की उरलेल्या प्रेक्षकाची धाडस करण्याची ऐपत गेली. गाजलेली जुनी नाटकं पुन्हा नव्या संचात येतात त्यामागे हेच आहे. त्यातली काही मी आवडीनं पाहिली, पण दर दोन महिन्यांनी जुन्याच नावाचं नवं पोस्टर बघताना आपण रंगभूमीत आहोत की संग्रहालयात, असं वाटू लागतं. १९७० च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'सारख्या संस्थांनी जे वेडेवाकडे प्रयोग केले ते बघायला येणाऱ्यांना आपण काय बघणार आहोत हे बरेचदा माहीत नसायचं. जागा साधी, खुर्च्या साध्या, तिकीट किरकोळ. तिथे तयार झालेले नट-दिग्दर्शक पुढे मुख्य धारेनं वर्षानुवर्षं वापरले. ती बियाणाची कोठी होती.

आता माझ्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच देतो. राज्य नाट्य स्पर्धा. सरकार घेतं, १९५० च्या दशकापासून चालू आहे, तिकीट आजही चहा-बिस्किटाच्या खर्चात बसेल इतकं. मग ती केंद्रं ओसंडून वाहायला हवीत. काही गावांत वाहतातही. पण अनेक केंद्रांवर प्राथमिक फेरीला परीक्षक, पुढच्या दिवशीचा संघ आणि नटांचे नातेवाईक, एवढाच प्रेक्षक असतो. तेव्हा नुसतं स्वस्त केलं की गर्दी होते, असं मी म्हणणार नाही. स्वस्ताईबरोबर दर्जाचा भरवसा नसला, प्रयोगाची खबर लोकांपर्यंत गेली नाही, नाट्यगृह बसण्यालायक नसलं तर दहा रुपयेही जास्तच. नाट्यगृहांबद्दल मी लिहायला बसलो तर हा लेख तिथेच संपेल. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मे महिन्यात एसी बंद पडला आणि नटीचा मेकअप मध्यंतरापर्यंत गळ्यावर आला होता. स्वच्छतागृहांविषयी बायकांना विचारा. कित्येकींनी नाटक सोडलं ते तिकिटापायी नाही.

अंतराचंही तसंच. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथला मराठी माणूस बदलापूर, विरार, पनवेलला गेला. साहित्य संघ आणि शिवाजी मंदिर होते तिथेच राहिले. उपनगरांत नवी नाट्यगृहं झाली खरी, पण रात्री साडेआठचं नाटक साडेअकराला सुटणार आणि मग लोकलचा हिशेब करायचा, हे कुणालाही नकोसं होतं.

उलट टोकाला झाडीपट्टी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या त्या पट्ट्यात धान निघालं की दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. वडशाला कंपन्यांचा तळ. गावाची मंडई (तिकडे जत्रेला म्हणतात) किंवा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत असली की रात्रभर नाटक. पुढे खुर्च्या, मागे जमिनीवर बसकण, तिकीट काढून. कडाक्याच्या थंडीत घोंगड्या पांघरून माणसं पहाटेपर्यंत बसतात. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांना ती नाटकं भडक वाटतील, मलाही काही वाटली. पण प्रेक्षक संपला असं म्हणणाऱ्यांनी एक हिवाळा तिकडे काढावा. जमिनीवर बसायची जागा अजून तिथे शिल्लक आहे.

स्वस्त तिकिटाचा विषय काढला की आपल्याकडे कुणीतरी पासांचा विषय काढतं. पास म्हणजे स्वस्त तिकीट नव्हे. पास ज्याला मिळतो त्याला त्याची गरज नसते. गरज असलेल्याला तो कुठे मिळतो हेच ठाऊक नसतं. पासवर आलेला माणूस दुसऱ्या रांगेत बसून मोबाइलवर बोलतो आणि मध्यंतरात निघून जातो, हा तर माझा पक्का अनुभव. शंभर का होईना, खिशातून काढणारा माणूस शेवटपर्यंत बसतो. सरकारी अनुदानाचंही मला थोडं असंच वाटतं. नवीन नाटकांना प्रयोगामागे अनुदान मिळतं ही चांगली गोष्ट, त्यावर अनेक नाटकं तगली आहेत. पण तो पैसा निर्मितीला पोचतो, खुर्चीला पोचत नाही. लोकांच्या पैशातून मदत मिळालेल्या नाटकाला लोकांसाठी शंभर खुर्च्या शंभर रुपयांत ठेवायला सांगणं, यात कुणावर अन्याय आहे असं मला वाटत नाही.

लंडनच्या नॅशनल थिएटरनं २००३ साली, निकोलस हायटनर संचालक झाल्यावर, त्यांच्या सगळ्यात मोठ्या प्रेक्षागृहातल्या दोनतृतीयांश खुर्च्या दहा पौंडांना देऊन टाकल्या. प्रायोजक शोधला, नेपथ्य साधं ठेवलं आणि नाटकं मात्र मोठी निवडली. एक हंगाम करून बघू म्हणून सुरू झालेली ती योजना पुढे वर्षानुवर्षं चालली. त्यांना सरकारी पैसा आपल्यापेक्षा पुष्कळ मिळतो, हे खरं. पण त्यांच्याकडून पैसा नव्हे, क्रम उचलायचा आहे: आधी खुर्चीचा दर ठरवला, मग त्या दरात नाटक कसं बसवायचं ते बघितलं. आपण नाटकाचा खर्च काढतो आणि त्याला खुर्च्यांनी भागतो.

माझ्या मागण्या फार नाहीत. केंद्रानं पाचशेची मर्यादा हजारावर न्यावी, म्हणजे पुढच्या रांगांनी मागच्या रांगांचा भार उचलावा. मर्यादा वाढली आणि निर्मात्यांनी सरसकट सगळ्याच रांगा हजारावर नेल्या तर? ही भीती खरी आहे. म्हणून दुसरी गोष्ट महापालिकांनी करायची. बालगंधर्व, गडकरी रंगायतन, दीनानाथ, कालिदास, सावित्रीबाई फुले ही सगळी नाट्यगृहं लोकांच्या कराच्या पैशातून उभी राहिली. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली पुण्यात सुरू झालं तेव्हा जवळजवळ हजार खुर्च्या बांधल्या, त्या दीड-दोनशे माणसांसाठी नाही. नाटकाच्या भाड्यात सवलत द्यावी, हवी तर आणखी द्यावी, पण एका अटीवर: बाल्कनी किंवा शेवटच्या रांगा मिळून पाचवा हिस्सा खुर्च्या शंभर रुपयांत, आणि त्या प्रयोगाच्या दिवशी खिडकीवर. ऑनलाइनवर नाहीत, पासाला नाहीत. जो येईल त्याला.

या सवलतीचा भार बॅकस्टेजच्या माणसांवर पडू नये, हेही अटीतच लिहायला हवं. नाटकात काटकसर सुचली की पहिला हात त्यांच्या नाइटला लागतो. रविवारी दोन थिएटरांत दोन नाटकांचे सेट लावून पहाटे घरी पोचणाऱ्याच्या खिशातून माझ्या आवडीचा खर्च निघणार असेल तर मला शंभराचं तिकीट नको.

खिडकीतल्या काकांचा मुद्दा राहिला: वर उघडलं की एक माणूस ठेवावा लागतो. ठेवावा. शंभराची वीस तिकिटं गेली तर दोन हजार होतात. त्यात डोअरकीपरचा त्या दिवसाचा रोज निघतो, झाडणाऱ्या बाईंचाही निघतो. त्या शनिवारी दोन तर पायऱ्यांवरूनच परत गेली होती. उरली अठरा.